सांगता येत नाही, तर सांगता कशाला?

तुमचे दोन प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तिसऱ्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ प्लोटायनस म्हणतो की सगळ्याच्या मुळाशी असलेलं 'एक' शब्दांत येत नाही, आणि मग त्याच 'एका'वर पानंच्या पानं लिहितो. 'मी जन्मभर मौनी आहे' असं तोंडाने सांगण्यासारखंच हे झालं नाही का? दुसरा प्रश्न असा की 'ते असं नाही, तसंही नाही' हे ग्रीकांचं बोलणं म्हणजे आपलं 'नेति नेति'च ना?

पहिल्याला माझं उत्तर 'नाही' आहे, दुसऱ्याला 'अर्धंमुर्धं हो'. ग्रीक तत्त्वज्ञान शिकवण्यात तीसेक वर्षं गेली. पहिला प्रश्न दर वर्षी यायचा, आणि तो विचारणारा विद्यार्थी बहुधा वर्गातला सगळ्यात जागा असायचा.

सुरुवातीला एक सोपं उत्तर बाजूला सारतो, कारण कीर्तनापासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळीकडे तेच ऐकू येतं. देव अफाट, माणसाची बुद्धी तोकडी, म्हणून शब्द अपुरे पडतात. भाव म्हणून ठीक आहे, पण ग्रीकांचा युक्तिवाद हा नाही. शब्दाला वस्तूएवढं मोठं व्हावं लागत नाही. 'समुद्र' हा शब्द तीन अक्षरांचा आहे आणि त्याचं काम चोख करतो. ग्रीकांना अडचण दिसली ती वाक्याच्या बांधणीत.

ॲरिस्टॉटलच्या लेखी विधान म्हणजे 'कशाबद्दल तरी काहीतरी' म्हणणं. 'दूध पांढरं आहे' यात दूध एक, पांढरेपण दुसरं, आणि त्यांना बांधणारं 'आहे'. दुधाचं यात काही बिघडत नाही, दूध मुळातच अनेक गोष्टींचं मिळून झालेलं आहे. पण ज्यात कसलंही दुपेडीपण नाही अशा तत्त्वाबद्दल 'एक चांगलं आहे' म्हटलं, की लगेच दोन झाली, 'एक' आणि त्याचा चांगलेपणा. बरं, विशेषण सोडून नुसतं 'एक आहे' म्हणा. तरी 'एक' आणि 'असणं' ही जोडी उभी राहतेच. वाक्य पुरं होतं त्या क्षणी ज्याच्याविषयी बोलायचं होतं ते हातातून निसटलेलं असतं. यात भक्ती नाही, गूढ काही नाही, निव्वळ व्याकरण आहे.

हा पेच प्लेटोला पुरता ठाऊक होता. 'सोफिस्ट' या संवादात तो विचारतो, जगात फक्त 'एक'च आहे म्हणता, मग 'एक' हे नाव आणि ती वस्तू ही दोन कशी काय झाली? 'पार्मेनिडीज' या संवादात तर त्याने हा पेच पूर्ण उलगडून ठेवला आहे. म्हातारा तत्त्वज्ञ पार्मेनिडीज एका तरुण पोराला समोर बसवून प्रश्न विचारत जातो. (त्या पोराचं नाव ॲरिस्टॉटल. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल नव्हे, पुढे अथेन्सच्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांत गेलेला दुसराच. माझ्या वर्गात यावर दर वर्षी कुणीतरी फसायचं.) जर 'एक' खरोखर एकच असेल, तर त्याला भाग नाहीत. भाग नाहीत म्हणून सुरुवात, मध्य, शेवट नाही. ते नाहीत म्हणून आकार नाही, आकार नाही म्हणून जागा नाही, मग चालणं नाही आणि थांबणंही नाही. ते काळात नाही, म्हणून 'होतं', 'आहे', 'असेल' यातलं काहीच त्याला लागू नाही. म्हणजे ते नाहीच. त्याला नाव नाही, त्याचं वर्णन नाही, ज्ञान नाही. शेवटी पार्मेनिडीज विचारतो, 'एका'च्या बाबतीत असं असणं शक्य आहे का? पोरगा म्हणतो, मला नाही वाटत.

इथे दोन तट पडतात. प्लेटोने हा नुसता डोक्याचा व्यायाम दिला आहे, आणि शेवटचं 'नाही वाटत' म्हणजे युक्तिवाद फसल्याची कबुली, असं एक म्हणणं. दुसरं म्हणणं सुमारे सहाशे वर्षांनी आलेल्या प्लेटोपंथीयांचं. त्यांच्या मते ही हार नव्हे. सगळ्यात वरच्या तत्त्वाबद्दल जे म्हणता येतं ते नेमकं हेच. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे. तरीही 'रिपब्लिक'च्या सहाव्या पुस्तकातली ती ओळ मला पैज लावू देत नाही. तिथे सॉक्रेटिस म्हणतो की 'शिव', म्हणजे चांगलेपणा, हे तत्त्व असण्याच्याही पलीकडे आहे, प्रतिष्ठेत आणि सामर्थ्यात असण्याहून वरचढ. त्यावर समोर ऐकत बसलेला ग्लॉकन म्हणतो, अरे अपोलो, काय ही अचाट अतिशयोक्ती! प्लेटोने स्वतःच त्या जागी विनोद पेरला आहे. पुढे प्लोटायनसने नोंदवलं की पायथॅगोरसचे अनुयायी 'एका'ला खुणेने 'अपोलो' म्हणत. ग्रीकमध्ये 'अ' म्हणजे नाही आणि 'पोलॉन' म्हणजे अनेकांचं. ग्लॉकनच्या तोंडी नेमका तोच देव यावा हा निव्वळ योगायोग असेलही.

आता 'नाही' या शब्दाकडेच वळू, सगळी गंमत तिथे आहे. दगड बोलत नाही. वरिष्ठांसमोर मूग गिळून बसलेला कारकून बोलत नाही. गाणं ऐकून भारावलेला माणूसही बोलत नाही. 'नाही' एकच, पण तीन ठिकाणी तीन कामं करतो. ॲरिस्टॉटलने यातला एक फरक नीट पकडला होता. आंधळा आपण त्यालाच म्हणतो, ज्याला एरवी दृष्टी असायला हवी होती. दगडाला दिसत नाही, तरी दगड आंधळा नव्हे. उणीव वेगळी आणि नकार वेगळा. नंतरच्या मंडळींनी, विशेषतः पाचव्या शतकात प्लेटोपंथी प्रॉक्लसने, यावर मजला चढवला. काही नकार उणेपणाचे असतात, काही बरोबरीचे (घोडा माणूस नव्हे), आणि काही वरचढपणाचे. 'एक विचार करत नाही' हे वाक्य दगडाच्या रांगेत बसत नाही. विचार करायला विचार करणारा आणि विचाराचा विषय अशी दोन टोकं लागतात, आणि 'एका'त दोन टोकं नाहीत. म्हणून नाही. विद्यार्थी घसरायचे ते नेमके इथेच. 'एक' विचार करत नाही, म्हणजे ते मठ्ठ आहे का? तो नकार दगडाचा धरला की पुढचं सगळं पुस्तक चुकीचं वाचलं जातं.

नकाराने वर चढायचं कसं, याची सगळ्यात स्वच्छ कृती मला अल्किनूस या नावाने आलेल्या प्लेटोवरच्या एका छोट्या पाठ्यपुस्तकात सापडली. दाखला भूमितीचा आहे. घन वस्तू घ्या. तिची जाडी काढा, पृष्ठभाग उरतो. रुंदी काढा, रेषा उरते. लांबी काढा, बिंदू उरतो. ग्रीकमध्ये या काढून टाकण्याला 'आफैरेसिस' म्हणतात, आणि वजाबाकीचा शब्दही तोच. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट आणखी एक पायरी चढतो. बिंदूला निदान जागा तरी असते, तीही काढा. आता जे उरलं त्याचं चित्र मनात आणून बघा. येणार नाही, आणि कृती जमल्याची खूण तीच.

आता प्लोटायनस. इजिप्तमधून आलेला, अठ्ठाविसाव्या वर्षी तत्त्वज्ञानाकडे वळलेला, अलेक्झांड्रियात अमोनियसपाशी अकरा वर्षं शिकून पुढे रोममध्ये शिकवणारा हा माणूस इ.स. २७० मध्ये वारला. त्याचे ५४ प्रबंध शिष्य पॉर्फिरीने नऊ-नऊच्या सहा गटांत लावले. पॉर्फिरी सांगतो की नजर अधू असल्यामुळे गुरुजी लिहिलेलं पुन्हा वाचत नसत. ते वाचताना जाणवतंही. वाक्यं धापा टाकत धावतात, मध्येच तुटतात. कोरीव गद्याची सवय असेल तर पहिल्या दहा पानांत वैताग येतो. (स्वतःचं चित्र काढून घ्यायला त्याने नकार दिला होता. निसर्गाने अंगावर चढवलेली ही प्रतिमा वागवतो आहे तेवढी पुरे, प्रतिमेची प्रतिमा कशाला? शिष्यांनी मग एका चित्रकाराला गुपचूप वर्गात आणून बसवलं आणि आठवणीतून चित्र काढवून घेतलं. गुरूच्या म्हणण्याचा शिष्य काय अर्थ लावतात, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.)

तुमचा विरोधाभास त्याने स्वतःच अंगावर घेतला आहे. पाचव्या गटातल्या तिसऱ्या प्रबंधात तो विचारतो, मग आपण त्याच्याविषयी बोलतो तरी कसे? उत्तराचा आशय असा, की त्याच्याविषयी आपण काही बोलतो खरं, पण त्यालाच शब्दांत आणत नाही. ते काय नाही ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. त्याच्यानंतर जे आलं, त्याच्या आधाराने बोलतो.

सहाव्या गटाच्या नवव्या प्रबंधात तो आणखी पुढे जातो, आणि मला विचाराल तर कळीचं वाक्य तिथे आहे. त्याला आपण 'कारण' म्हणतो तेव्हा त्याच्याबद्दल काही सांगत नसतो, स्वतःबद्दल सांगत असतो, कारण त्याच्यापासून काहीतरी आपल्याकडे आलेलं असतं. 'सूर्य डोक्यावर आला' हे वाक्य घ्या. व्याकरणाने कर्ता सूर्य. पण माहिती कुणाची मिळाली? आपल्या डोक्याची. सूर्याला ना डोकं माहीत ना वरखाली. वाक्य खोटं नाही, दुपारी उपयोगाचंही आहे, फक्त ते ज्याचं दिसतं त्याचं नाही. प्लोटायनसची 'एका'वरची वाक्यं अशी वाचा, म्हणजे विरोधाभास सुटतो. ते अवर्णनीय आहे असं म्हणून तो त्याचं वर्णन करत बसत नाही. त्याच्याभोवती बाहेरून फिरताना आपली काय अवस्था होते, ते सांगतो.

तरी जीभ जुन्या सवयीने नावं घेतेच. म्हणून एके ठिकाणी तो सूचना देऊन ठेवतो की प्रत्येक शब्दामागे 'होइऑन' लावून वाचा. होइऑन म्हणजे 'जणू'. जणू त्याची इच्छा, जणू त्याचं कार्य. खुद्द 'एक' या नावालाही सूट नाही. त्यात 'अनेक नव्हे' एवढाच अर्थ आहे, आणि शोधाला हाताशी काहीतरी असावं म्हणून ते ठेवलं, शेवटी तेही सोडायचं.

पुष्कळदा तो नाव न घेता नुसतं 'ते' म्हणतो, 'तिकडे' म्हणतो. जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव न घेता 'अहो', 'हे', 'आमच्याकडे' यांवर पन्नास वर्षं संसार रेटत, त्याची मला आठवण होते. पण उपमा ताणू नका. तिथे नाव असतं, फक्त घ्यायचं नसतं, आणि उखाण्यात ते येतंही. प्लोटायनसच्या बाबतीत झाकून ठेवलेलं नाव मुळात नाहीच. काटेकोर बोलायचं तर 'ते'सुद्धा म्हणू नये, असं तो म्हणून जातो.

'सगळं काढून टाकलं तर उरतं काय? कांदाच ना?' असं मला एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. पाकळी-पाकळी सोलत गेलात तर शेवटी हाताला वास आणि डोळ्यांत पाणी. प्रश्न रास्त आहे, आणि प्लोटायनसचा प्रबंध खरोखरच 'सगळं काढून टाक' या दोन ग्रीक शब्दांवर संपतो. पण सोललं कोण जातंय ते बघा. 'एका'वर सालं नव्हतीच. आकार, जागा, काळ, 'मी बघतोय' हे भान, ही सगळी सालं बघणाऱ्यावर होती. सौंदर्यावरच्या प्रबंधात तो मूर्तिकाराचा दृष्टान्त देतो, तिथेही छिन्नी स्वतःच्या अंतःकरणावर चालवायची आहे. वीस प्रश्नांच्या खेळात 'प्राणी नाही, वस्तू नाही' करत उत्तराच्या जवळ जातात, तसं इथे होत नाही. लाख नकारांनंतरही 'एका'बद्दल तुमच्या माहितीत रतीभर भर पडत नाही. लिहिणं-बोलणं वाट दाखवण्यापुरतं, बघण्याचं काम ज्याला बघायचंय त्याचं, असं तो सांगतो. पॉर्फिरीच्या म्हणण्यानुसार दोघे एकत्र असताना गुरुजी तिथवर चार वेळा पोचले. चार! जो माणूस आकडा एवढा लहान सांगतो, त्याच्यावर माझा थोडा जास्त विश्वास बसतो.

नकाराची एक खोड मात्र आहे. वापरून वापरून तो नाव होऊन बसतो. आपल्याकडे 'निरंजन' म्हणजे ज्याला काजळी नाही तो. पण निरंजन नावाच्या मुलाला हाक मारली की तो येतो, कुणी काजळी तपासत नाही. चौथ्या शतकात ख्रिस्ती मंडळींत यावरून मोठं भांडण झालं. युनोमियस म्हणाला की 'अजन्मा' या शब्दात देवाचं सारच सापडलं. निस्सा गावच्या ग्रेगरीने त्याला धरलं: हा शब्द काय नाही ते सांगतो, त्यातून काय आहे ते कसं काढलंस? पुढे डायोनिशियस या टोपणनावाच्या लेखकाने पाच चिमुकल्या प्रकरणांत हा मार्ग ख्रिस्ती धर्मात कायमचा रुजवला, आणि शेवट केला तो नकारांच्याही पलीकडे जाऊन.

प्रॉक्लसने तोच धोका दुसऱ्या बाजूने ओळखला होता. त्याच्या मते 'एक अनेक नाही' या नकारातूनच अनेक जन्मतं, म्हणून नकार होकाराची आई आहे. पण शेवटी नकारही मागे घ्यायचा, कारण तोही कशाबद्दल तरी काहीतरी म्हणतोच. 'पार्मेनिडीज'वरच्या त्याच्या प्रचंड भाष्याचा शेवटचा भाग ग्रीकमध्ये उरलेला नाही. तेराव्या शतकात मोरबेकेच्या विल्यमने केलेल्या लॅटिन भाषांतरात तो टिकला, आणि 'एका'चं चिंतन मौनाने संपवलं या अर्थाच्या वाक्यावर तो थांबतो.

तिथेही जो थांबत नाही तो डमास्कियस. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या फर्मानाने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं शिक्षण बंद पडलं, तेव्हा तिथल्या शाळेचा प्रमुख हाच होता. मग सहा सोबत्यांसह तो इराणचा राजा खुसरो याच्या दरबारी गेला, आणि ५३२ च्या तहानंतर मंडळी परतली. त्याची शंका अशी. सगळ्याचं मूळ म्हणता, तर मूळ आणि सगळं हे नातं झालं. मग ते मूळही त्या 'सगळ्या'त मोजलं गेलं. म्हणून 'एका'च्याही पलीकडे काही आहे, आणि ते अनिर्वचनीय. पण 'अनिर्वचनीय' म्हणणं हेही वचनच! तो हे लपवत नाही. या जागी शब्द आपल्याच अंगावर उलटतो, असं सांगून त्यासाठी तो 'पेरित्रोपे' हा शब्द वापरतो, म्हणजे उलथापालथ. आपण सिद्ध करतो ते फक्त आपलं अज्ञान, त्याच्या समोरची आपली अवस्था. प्लोटायनसने 'कारण' या शब्दाचं जे केलं, तेच डमास्कियसने 'सांगता येत नाही' या वाक्याचं केलं. ग्रीकांमध्ये सगळ्यात प्रामाणिक मला तोच वाटतो. वाचायला मात्र छळतो.

आता 'नेति नेति'. दोन्हीकडे 'नाही' आहे म्हणून गोष्ट एकच होत नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्याची अडचण वेगळी आहे: जो सगळं जाणतो त्याला कशाने जाणायचं? डोळा सगळं बघतो, डोळ्याला कोण बघणार? तिथे अडथळा असा की जाणणारा कधी जाणण्याची वस्तू होत नाही. ग्रीकांचा अडथळा असा की एकाचं कधी दोन करता येत नाही. वाटा दोन, पण प्लोटायनसपाशी त्या फार जवळ येतात, कारण विचारात जाणणारा आणि जाणलेलं अशी फूट पडते हेच तोही सांगतो. 'एक'मध्ये फक्त 'अनेक नव्हे' एवढंच आहे, हे त्याचं म्हणणं वाचताना मराठी वाचकाला अमृतानुभवाचं पाचवं प्रकरण आठवायला हरकत नाही. सत्, चित्, आनंद ही पदं आपल्या विरुद्धाला हटवण्यापुरती आहेत, त्याची ओळख सांगणारी नव्हेत, असं ज्ञानदेव तिथे मांडतात. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला मात्र या पंगतीत बसवू नका. त्याच्या नकारामागे शाबूत राहिलेलं 'एक' नाही.

मग कुणी कुणाकडून घेतलं? पॉर्फिरी सांगतो की इराणी आणि भारतीय लोकांचं तत्त्वज्ञान जाणून घ्यायच्या इच्छेने प्लोटायनस सम्राट गॉर्डियनच्या इराणवरच्या स्वारीत सामील झाला. गॉर्डियन मेसोपोटेमियात मारला गेला, प्लोटायनस जेमतेम जीव वाचवून अँटिओकला पोचला आणि तिथून रोमला. म्हणजे यायचं होतं, आला नाही. एवढ्या पुराव्यावर 'उपनिषदांतून उचललं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा मागवतो.

वाचायला सुरुवात करायची तर सहाव्या गटाचा नववा प्रबंध घ्या. त्याच्या पहिल्या काही प्रबंधांपैकी आहे आणि सगळ्यात मोकळा आहे. मग 'पार्मेनिडीज'मधला पहिला युक्तिवाद, प्रत्येक 'म्हणून' तपासत. मग पाचव्या गटाचा तिसरा, जो त्याने अखेरच्या वर्षांत लिहिला. डमास्कियस त्यानंतर. हातात पेन्सिल ठेवा, आणि 'एक' हा कर्ता असलेलं वाक्य आलं की समासात 'जणू' लिहीत चला. पंधरा-वीस पानांनंतर समास भरून जाईल. मग मागे येऊन बघा, त्यातलं कोणतं वाक्य 'एका'चं होतं आणि कोणतं तुमच्या डोक्यावरच्या सूर्याचं.